विन्स्टनची नोकरी

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ कादंबरीची माझी प्रत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, कॉलेजचे दिवस. झपाट्यानं वाचून काढली आणि डोक्यात राहिले ते शेवटाकडचे उंदीर. बाकी सगळं रशियाबद्दल आहे, असं ठरवून आम्ही मित्र मोकळे झालो. तिथे तर ती छापायलाही तेव्हा परवानगी नव्हती.

पुढे वर्तमानपत्राच्या डेस्कवर लागलो आणि कादंबरी पुन्हा हातात घेतली. या वेळी उंदीर मागे पडले. दिसली ती विन्स्टन स्मिथची नोकरी. सत्य मंत्रालयात बसून तो जुन्या अंकांतल्या बातम्या बदलतो. सरकारचं भाकीत चुकलं, की छापून झालेलं भाकीतच दुरुस्त करायचं आणि मूळ कागद भट्टीत टाकायचा. धसका बसतो तो पुढेच, कारण हे काम त्याला आवडतं! कधी जन्मालाच न आलेला ऑगिल्वी नावाचा युद्धवीर तो एका सकाळीत घडवतो आणि स्वतःवरच खूश होतो. बातमी जमली की आम्हीही असेच खूश व्हायचो. जुलमी राजवटीला पोलीस लागतात हे कोणीही सांगेल. तिला कामात तरबेज उपसंपादकही लागतात, हे ऑर्वेलनं सांगितलं.

ते त्याला ऐकीव नव्हतं. १९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या पूर्व विभागात होता. हिंदुस्थानसाठी युद्धाच्या बातमीपत्रांचे इंग्रजी मसुदे लिहायचा. त्यांची मराठी, गुजराती भाषांतरं रेडिओवरून जायची. सगळं सेन्सॉरच्या नजरेखालून. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या. आपला वेळ आणि लोकांचा पैसा वाया जातोय, असं म्हणत त्यानं राजीनामा दिला. हे कळल्यापासून ते पुस्तक मला फार परक्या मुलखाचं वाटत नाही.

२०१४ मध्ये थायलंडात लष्करानं सत्ता घेतली, तेव्हा बँकॉकमध्ये काही लोक भर रस्त्यात हीच कादंबरी मुकाट वाचत बसले. निषेध एवढाच. राज्यकर्त्यांना तोही खुपला.

आता तर भट्टीचीही गरज उरलेली नाही. संकेतस्थळावरचा सकाळचा मथळा दुपारी बदलतो आणि खाली ‘दुरुस्ती’ एवढा शब्दही नसतो. छापील अंकातली चूक निदान रद्दीत तरी सापडायची.

ही कादंबरी नव्यानं हाती घेणाऱ्यांना एकच विनंती. त्यातल्या हुकूमशहाच्या, ‘बिग ब्रदर’च्या, मिशांपाशी फार रेंगाळू नका. पहिल्या भागातलं चौथं प्रकरण सावकाश वाचा. जमलं तर ऑफिसात बसून वाचा.