दोन रात्री, सहा क्विंटल

समुद्रकाठच्या महागड्या हॉटेलात नेमके कशाचे पैसे घेतात? समुद्र फुकट आहे, वाळू फुकट आहे, आणि सूर्यास्त तर कळंगुटच्या किनाऱ्यावर भेळ खात उभ्या असलेल्या माणसालाही तोच दिसतो. मला वाटायचं, गादीचे, एसीचे आणि आपल्याकडं बघून उगाच हसणाऱ्या माणसांचे घेत असतील. मे २०२४ मध्ये आईला घेऊन कांदोळीला दोन रात्री राहून आले आणि माझं उत्तर बदललं. पैसे गोड्या पाण्याचे असतात. खाऱ्या पाण्याच्या अगदी कडेला बसून गोडं पाणी न मोजता वापरायचं, हीच ती चैन. बाकी सगळं वरची सजावट.

मी कळंब तालुक्यातली, जिल्हा धाराशिव. आमच्याकडं पाणी मोजतात. २०१६ साली मी बारावीला होते. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरच्या चॅनेलांनी ती दाखवली. आमच्या गावाला रेल्वेच नाही, त्यामुळं चॅनेलवालेही नाहीत. आमच्याकडं टँकर यायचा. घमेल्यात बसून आंघोळ करायची, ते पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी अंगणात सडा मारायला. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं, जसं मुंबईकरांना लोकलमध्ये उभं राहण्याचं वाटत नाही.

तर आईनं समुद्र बघितला नव्हता. पन्नाशी उलटली, पंढरपूर झालं, तुळजापूर तर दरवर्षीचं, पण समुद्र नाही. मला पुण्यात नोकरी लागून तीन वर्षं झाली होती, मे महिन्यात गोव्यातले दर उतरतात, म्हणून दोघांना घेऊन जायचं ठरवलं. अण्णा आले नाहीत. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला होता. दुष्काळी तालुक्यांच्या पहिल्या यादीत जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते, कळंब नव्हतं. पण आमच्या विहिरीला यादी वाचता येत नाही. टँकर एक दिवसाआड यायचा आणि ड्रम भरायला घरी कुणीतरी लागायचं. “तुमी जावा, मी पाणी भरतो,” अण्णा म्हणाले. ७ मेला मतदान उरकलं आणि त्याच आठवड्यात आई एसटीनं पुण्याला आली.

गोव्याच्या बसमध्ये तिनं भाडं विचारलं. मी सांगितलं, दोन रात्रींचे सत्तावीस हजार. ती खिडकीबाहेर बघत राहिली. सोयाबीन तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास होतं.

“सहा क्विंटल,” ती म्हणाली. गेल्या खरिपात आम्हाला एकरी चार पडलं होतं. “म्हंजे दीड एकरावर झोपायचंय म्हण की.”

हॉटेल तसं नवं होतं. दारातच कोकम सरबत, गळ्यात शिंपल्यांची माळ. खोलीच्या बाल्कनीतून नारळ, त्यापलीकडं निळा पोहण्याचा तलाव आणि त्यापलीकडं खरा समुद्र. समुद्राच्या तोंडावर पोहायचा तलाव का बांधतात, हे आईनं मला विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही. न्हाणीघरात पांढराशुभ्र टब होता. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की तिला त्यात बसवायचं, गळ्यापर्यंत पाण्यात, निदान अर्धा तास. तिनं टबाला बाहेरून हात लावला, आत वाकून बघितलं आणि विचारलं, “बादली कुठाय?”

फोन केल्यावर बादली आणि मग घेऊन एक मावशी आल्या, पेडण्याच्या. त्यांच्या बोटावर मतदानाची शाई होती. गोव्याचंही मतदान ७ मेलाच झालं होतं. आईनं आपलं बोट पुढं केलं. “तुमचं बी सातलाच व्हय?” त्यानंतर दोघी उभ्या उभ्या पंधरा मिनिटं बोलल्या: पोरं किती, गुडघे कुणाचे जास्त दुखतात, घरी पाणी कुठून येतं. मावशींच्या दारात विहीर होती. आईनं ती किती हात खोल, हे विचारून घेतलं.

पलंगाशेजारी एक कार्ड होतं. टॉवेल दांडीवर टाकला तर तो पुन्हा वापरू, जमिनीवर टाकला तर धुवायला नेऊ. पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं. मग बाल्कनीत गेली. खाली हिरवळीवर फवारे भर दुपारी गरगर फिरत होते. “त्या गवताला कुणी वाचून दाखवलं न्हाई वाटतं,” ती म्हणाली.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. पाचच्या सुमारास आईनं मला हलवून उठवलं. “टँकर आलाय.” मला वाटलं, ती झोपेत बोलतेय. नव्हती. एसीच्या आणि लाटांच्या आवाजातूनही तिला तो ओळखू आला होता. मागं घेताना होणारी पींपीं, पाइप जमिनीवर पडल्याचा धप्प आवाज, मग पंपाची घरघर. आम्ही चपला घालून स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं होता. जमिनीखालच्या टाकीच्या तोंडात जाड पाइप सोडलेला, आणि एका जोडावरून बारीक धार गळत होती. आईनं सवयीनं आजूबाजूला बघितलं. त्या धारेखाली लावायला भांडं शोधत होती.

चालकाशी तिचं बोलणं सुरू झालं. पाणी आतल्या गावातल्या विहिरीचं, रोजच्या चार-पाच खेपा, पावसाळा लागला की कमी. ती अशी प्रश्न विचारत होती की वाटावं, ही ग्रामपंचायतीची सदस्य आणि टँकरची नोंदवही हिच्याकडं. नोंदवही तिनं खरंच सांभाळली आहे, एका उन्हाळ्यात.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आमच्याकडं त्याचा चौथा हिस्सा पडला तरी लोक वर्ष चांगलं म्हणतात. मग इथं टँकर कशाला? एक तर जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी झरझर खाली आणि तिथून समुद्राकडं जातं. दुसरं म्हणजे किनाऱ्याजवळच्या विहिरीतून जास्त उपसा केला की समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं आणि विहीर खारी होते. एकदा खारी झाली की लवकर गोडी होत नाही. म्हणून किनाऱ्यावर हॉटेलं वाढतात तसं पाणी आतल्या गावांतून यायला लागतं. गोव्यानं २००२ मध्ये भूजलाच्या उपशासाठी कायदाच केला, त्यात विहिरींची आणि पाणी वाहणाऱ्या टँकरांची नोंदणीही आली.

हे फक्त गोव्याचं नाही. मेक्सिकोतलं कानकून १९७० च्या दशकात सरकारनं ठरवून वसवलं, जवळजवळ मोकळ्या वाळूच्या पट्टीवर. ते ज्या युकातान द्वीपकल्पावर आहे, तिथं चुनखडीमुळं उत्तरेकडं जमिनीवरून वाहणाऱ्या नद्याच नाहीत. गोडं पाणी सगळं खाली, गुहांत आणि भूगर्भात. त्याच दशकात, १९७४ साली, आमच्या कांदोळीच्या शेजारी आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून ताजचं रिसॉर्ट उभं राहिलं. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीची परिषद मध्येच थांबवून दोन दिवस तिथं आले होते, आणि तेव्हापासून गोवा म्हणजे फक्त हिप्पींचा किनारा राहिला नाही.

टँकर बघून आल्यावर आईचं बुजलेपण गेलं. आदल्या दिवशी ती खोलीत पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेला बसत होती. आता ती घरी असल्यासारखी वागायला लागली. अर्धी बादली पाण्यात आंघोळ केली, उरलेलं बाल्कनीतल्या कुंडीला घातलं. मी म्हटलं, आई, टब. ती म्हणाली, “त्या माणसानं पहाटं चारला उठून आणलंय.” आमचं यावरून थोडं वाजलं. मी म्हटलं, तू अर्धी बादली वाचवलीस म्हणून त्याची एकही खेप कमी होणार नाही. ती म्हणाली, ठाऊक हाय.

मला अजूनही वाटतं, तिनं टबात बसायला हवं होतं. काटकसर जिच्या हाडांत मुरली आहे तिलाच कार्ड वाचायला द्यायचं आणि तिनंच ते पाळायचं, हा व्यवहार मला पटत नाही. तीस वर्षं घमेल्यातलं पाणी तीनदा वापरलेल्या बाईच्या नावावर दीडशे लिटर जमा असायला हरकत नव्हती. आईला हा हिशेब मान्य नाही. पाणी कुणाच्या नावावर जमा होत नसतं, असं तिचं म्हणणं.

दुपारी आम्ही आग्वाद बघायला गेलो. पोर्तुगीज भाषेत पाण्याला आग्वा म्हणतात. आग्वाद म्हणजे पाणी भरायची जागा. १६१२ मध्ये बांधलेला हा किल्ला. लिस्बनहून आलेली जहाजं इथं थांबून गोडं पाणी भरून घ्यायची. किल्ल्याच्या मधोमध जमिनीखाली खांबांवर तोललेली टाकी आहे, तिची क्षमता २३ लाख ७६ हजार गॅलन सांगतात. मी मोबाइलवर हिशेब केला. जवळपास एक कोटी लिटर, म्हणजे लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीच्या वीस फेऱ्या. लोक टाकीच्या छपरावर उभे राहून सेल्फी काढत होते. आईनं पायाखालचा दगड टाचेनं ठोकून बघितला. “झाकलीय ते बरं केलंय,” ती म्हणाली. “उन्हानं जात न्हाई.”

मग तिला नळदुर्ग आठवला. बचत गटाच्या बायकांबरोबर ती पावसाळ्यात तिथं गेली होती. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच धरण, त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल, आणि नदी भरली की नर आणि मादी अशा दोन धारा महालाच्या अंगावरून खाली कोसळतात. आत बसलेला माणूस कोरडा. ते बांधकाम १६१३ चं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं. म्हणजे आग्वादनंतर एकच वर्ष. गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये विजापूरच्याच आदिलशाहीकडून घेतलेला. शंभर वर्षांनी एका बाजूला ते दर्यावर्दी पाणी साठवत होते आणि दुसऱ्या बाजूला, आमच्या कोरड्या मुलखात, आदिलशहाची माणसं पाणी अडवून त्याचा पडदा करून मागं गारव्याला बसत होती. चैन तिथंही पाण्याचीच. फरक इतकाच, की नळदुर्गाला ती नदी भरल्यावरच मिळायची. नदी आटली की राजालाही बंद.

संध्याकाळी आई समुद्रात शिरली, नऊवारीचा काचा मारून, गुडघ्यापर्यंत. लाट आली की मागं, गेली की पुढं. बराच वेळ काही बोलली नाही. मग अण्णांना फोन लावला आणि लाटांकडं धरला. त्यांनी विचारलं, वारं सुटलंय का तिकडं. टँकर आला नव्हता, उद्या येईल म्हणाले होते. “मंग उद्या जनावरं आधी पाजा,” तिनं सांगितलं आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा पाण्यात गेली. साडी भिजली, तिनं भिजू दिली.

खोलीत रोज पाण्याच्या चार बाटल्या फुकट ठेवायचे. निघताना तिच्या पिशवीत आठही होत्या, आणि वरून पेडण्याच्या मावशींनी दिलेल्या आणखी दोन. पुण्यापर्यंत सहा संपल्या. उरलेल्या चार कळंबला गेल्या.