बॉस पडल्यावर

चाळीस जण मिळून लाव्हाने भरलेल्या एका गुहेत शिरतात, तासभर झुंजून एक राक्षस पाडतात आणि त्याच्या अंगाखालून निघतात दोन-तीन वस्तू. चिलखत, अंगठी, कधी एखादी काठी. त्या कापून वाटता येत नाहीत. वर खेळाचा नियम असा, की एकदा उचललेली वस्तू उचलणाऱ्याच्या अंगाला कायमची चिकटते. मागाहून ना कुणाला देता येते, ना विकता येते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली आला आणि २०१९ साली त्याच जुन्या रूपात पुन्हा आणला गेला. माझा भाचा पिंप्राळ्यात आमच्या माडीवर बसून रात्री तो खेळतो. त्याच्या 'गिल्ड'मध्ये, म्हणजे टोळीत, पुण्याचे, बंगळुरूचे, सिंगापूरचे लोक आहेत. एकमेकांची तोंडं त्यांनी पाहिलेली नाहीत, भांडणं मात्र सख्ख्या भावांसारखी.

मी दिवाणी वकील. जळगावच्या कोर्टात निम्मी हयात वाटपाच्या दाव्यांत गेली. त्यामुळे माडीवरून भांडणाचा आवाज आला, तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही. पक्षकारांची नावं तेवढी चमत्कारिक होती.

भांडण एका तलवारीचं होतं. 'थंडरफ्युरी' तिचं नाव. ती आयती मिळत नाही. तिचे दोन भाग दोन वेगळ्या राक्षसांकडे असतात, एक गारकडे आणि एक बॅरन गेडनकडे, आणि ते पडतात क्वचित. दोन्ही एकाच माणसाच्या हाती आले तरच तलवार बनते. एक भाग याला आणि एक त्याला, अशी 'समान' वाटणी केली तर दोघांच्याही पदरात भंगार. म्हणून शहाणी टोळी आधीच ठरवून टाकते, की पहिला भाग ज्याला, दुसराही त्यालाच. शिवाय मंतरलेल्या एलिमेंटियमच्या दहा विटा लागतात, त्या सगळ्यांनी गोळा करून आणायच्या. भाच्याच्या टोळीने हा सगळा खर्च पुढे उभं राहून मार खाणाऱ्या एका गड्याच्या नावावर टाकला. एक भाग पडला, त्याला दिला. विटा जमत आल्या. आणि गडी दुसऱ्या, बड्या टोळीत निघून गेला; मिळालेला भाग अर्थातच त्याच्यासोबत.

"मामा, याच्यावर दावा लावता येईन का?" भाच्याने विचारलं. हसत विचारलं, पण नुसती थट्टा नव्हती ती.

दावा लागणार नव्हता, पण प्रकरण माझ्या डोक्यातून जाईना. मी त्याला वाटणीच्या पद्धती विचारत गेलो आणि चाट पडलो. या पोरांनी पंचवीस वर्षांत अख्खं वाटपशास्त्र उभं केलंय. सगळ्यात सोपी पद्धत फाशांची. ज्यांना वस्तू कामाची आहे त्यांनी आकडा टाकायचा, मोठा आकडा जिंकला. आपल्याकडे चिठ्ठ्या टाकतात तसंच. दुसरी गुणांची. 'एव्हरक्वेस्ट' नावाच्या खेळात १९९९ साली 'आफ्टरलाइफ' या टोळीने ती काढली. मोहिमेला हजर राहिलं की गुण जमा, वस्तू घेतली की वजा. तिसरी पंचांची: टोळीतले तीन-चार जाणते ठरवणार, कुणाला काय दिलं तर टोळीचं भलं. चौथी रोख लिलावाची. वस्तूवर खेळातल्या सोन्याची बोली लावायची आणि जमलेलं सोनं सगळ्यांत सारखं वाटायचं. या चौथीला मी लगेच ओळखलं. १८९३ चा वाटप कायदा दुसरं काय सांगतो? मिळकतीचे नीट तुकडे पडत नसतील तर कोर्टाने ती विकावी आणि पैसे वाटावेत. खेळ काढणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने २०२४ साली खेळाच्या एका आवृत्तीत हे लिलाव बंद केले, कारण त्या सोन्यासाठी लोक बाहेर खरे पैसे मोजू लागले होते. बोली लावणाऱ्याचं सोनं आलं कुठून, हा प्रश्न आमच्या कोर्टात सहसा कुणी विचारत नाही.

कंपनीने तर एकदा वाटणीच टोळ्यांच्या हातून काढून घेतली होती. २०१८ पासून ज्याचं त्याला परस्पर मिळायचं, टोळीच्या म्होरक्याला वाटायचा अधिकार नाही. भांडणं मिटायला हवी होती. पण चार वर्षांनी, २०२२ मध्ये, वस्तू पुन्हा सगळ्यांसमोर ठेवून आकडे टाकायची रीत परत आणावी लागली. मला याचं नवल वाटत नाही. वाटणीचा हक्क हीसुद्धा मिळकतच असते.

यातली कुठली पद्धत न्याय्य, असं भाचा मला विचारतो. माझं म्हणणं असं, की आधी टोळी कसली ते सांग. एका रात्रीपुरते जमलेले चाळीस अनोळखी असतील तर फासे टाका आणि घरी जा. त्यांना उद्या एकमेकांचं तोंड बघायचं नाही. पण दर गुरुवारी त्याच चाळिसांना त्याच गुहेत जायचं असेल, तर प्रश्न वस्तूचा राहत नाही, पुढच्या गुरुवारी कोण येईल याचा होतो. भाचा स्वतः मागे उभा राहून जखमा बऱ्या करणारा. तो नसेल तर पहिल्या दोन मिनिटांत सगळे आडवे, पण राक्षसाला किती घाव बसले त्याच्या तक्त्यात त्याचं नाव तळाला. रथाला मोगरी लावणाऱ्यासारखं. आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्याचा रथ निघतो तेव्हा दोर ओढणाऱ्यांचे फोटो छापून येतात. चाकाखाली लाकूड सरकवून रथ थांबवणारा वाकलेला असतो, त्याचं तोंडच दिसत नाही.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात लुटीचा नियम आहे. एकट्याने जिंकलेलं ज्याचं त्याचं, त्यातलं उत्तम राजाला. आणि जे वेगवेगळं नाही, सगळ्यांनी मिळून जिंकलं, ते राजाने सगळ्या योद्ध्यांत वाटावं. चाळीस जणांचा राक्षस या दुसऱ्या कलमात बसतो. कसं वाटावं, ते मात्र सांगितलेलं नाही. कायदा करणारे नेमकं तिथेच पेन खाली ठेवतात.

शिवाजी महाराजांनी हा गुंता मुळातूनच कापला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या बखरीत तपशील आहे. लष्कर पावसाळा छावणीत काढी आणि आठ महिने मुलूखगिरीला जाई. निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी व्हायची, परतल्यावर झडती. यादीपेक्षा जास्त निघालं तर त्याची किंमत पगारातून वळती. मोलाचा ऐवज सरकारजमा. म्हणजे लढणाऱ्याला वाटा नाहीच, पगार आहे. १६६४ ची सुरत असो की १६७० ची, आणलेल्या ऐवजावर कुणा शिपायाचा दावा नाही, म्हणून तंटाही नाही. पण त्याला पगार वेळेवर देणारं सरकार लागतं. भाच्याच्या टोळीकडे तिजोरी आहे, पगार नाही.

पुढे बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून चौथाईच्या सनदा आणल्या, तेव्हा वाट्यांचे आकडे बसले: चौथाईतले शेकडा २५ राजाची बाबती, ६ सहोत्रा पंत सचिवांचा, ३ नाडगौडा राजाच्या मर्जीचा आणि ६६ मोकासा सरदारांचा. पगारदार शिपायाच्या जागी हिस्सेदार सरदार आला. राज्य अटकेकडे पसरलं ते यामुळेच, आणि एकेक सरदार आपापल्या टोळीचा म्होरक्या झाला तोही यामुळेच. नुसता दोष देऊन भागत नाही.

वाटणी आधी न ठरवता लढाई केली की काय होतं, ते इंग्रजांनी आमच्याच भागात करून दाखवलं. सर थॉमस हिस्लॉपच्या दख्खन फौजेने २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांना हरवलं आणि २७ फेब्रुवारी १८१८ ला तापीकाठचं थाळनेर घेऊन तिथल्या किल्लेदाराला फाशी दिलं. युद्ध काही महिन्यांत आटोपलं, लुटीचा वाद लंडनमध्ये वर्षानुवर्षं चालला. हिस्लॉप म्हणे दख्खन फौजेचा सेनापती मी, तेव्हा सगळ्यात माझा वाटा. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज म्हणे माझी मोठी फौज पाठीशी होती म्हणून तुम्ही जिंकलात, आम्हालाही द्या. ड्यूक ऑफ वेलिंग्टनसारख्या माणसाला त्या रकमेचा विश्वस्त नेमावं लागलं. समुद्रावर नियम सरळ होता: शत्रूचं जहाज धरताना जी दोस्त जहाजं नजरेच्या टप्प्यात असतील, त्यांनाही हिस्सा. जमिनीवर नजरेचा टप्पा कोण मोजणार? या लोकांना पुन्हा एकत्र लढायचं नव्हतं, म्हणून एवढं ताणलं, असं माझं मत. पेन्शनीत गेलेल्या माणसाला तडजोडीची घाई नसते.

याच थाळनेरच्या जिल्ह्यात, पांझरेच्या काठी, फड पद्धत काही शतकं चालत आली. नदीवर बंधारा, त्याचं पाणी पाटाने शेतात, आणि भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. खुबी पट्ट्यांत आहे: बहुतेक शेतकऱ्यांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला आणि एक फड कोरडा ठेवायचा ठरला, तर ठरवणाऱ्याचीही पट्टी त्यातच असते. दार उघडणं शेतकऱ्याच्या हातात नाही, ते पाटकऱ्याचं काम, राखणीला जागल्या. मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पंचांनाही झळ बसली पाहिजे." त्याच्या टोळीच्या पंचांना बसत नव्हती. चांगल्या वस्तू त्यांच्याच मित्रांकडे जात होत्या, असं बाकीचे कुजबुजत होते. गुणांच्या पद्धतीतही जुन्यांकडे ढिगाने गुण साठले होते. नवे आलेले उपरी, जुने मिरासदार.

अखेर टोळीने नियम लिहायला घेतले आणि मसुदा माझ्याकडे आला. तलवारीचं कलम मी कडक केलं: पहिला भाग घेणाऱ्याने आधी अमुक इतक्या मोहिमा पुऱ्या केलेल्या असाव्यात, आणि विटा दोन्ही भाग आल्यावरच त्याच्या हवाली कराव्यात. पंचांपैकी कुणाची वस्तू असेल तर त्या वेळी तो बाजूला बसेल, हेही घातलं. यावर कुणी हरकत घेतली नाही.

अडलं ते बाहेर बसणाऱ्यांवर. टोळीत माणसं चाळिसापेक्षा जास्त, गुहेत जागा चाळीसच. उरलेले तयारीनिशी बाहेर थांबतात. पिंप्राळ्यात लाइट गेली आणि भाचा बाद झाला की त्यांच्यातला एक आत. त्यांना गुण किती? मी म्हणतो पुरे द्या, ते नजरेच्या टप्प्यात आहेत. भाचा म्हणतो अर्धे, कारण बाहेर बसून त्यातले दोघे सिनेमा बघतात, त्याला माहीत आहे. तूर्त मसुद्यात पाऊण लिहिलंय. सिंगापूरवाल्याला तेही जास्त वाटतंय.