माझी ओळख



आजपासून तुमच्यासाठी अधूनमधून लिहिणार आहे. तेव्हा आधी आपली ओळख करून द्यावी म्हणून बसलो, तर तासभर कागद कोराच! गंमत बघा, दर जूनमध्ये नव्या वर्गाला मी पहिला निबंध हाच द्यायचो, 'माझी ओळख'. आता कळतंय की विषय किती अवघड होता.

वय पंचाहत्तर. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि १९७२ च्या जूनमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षक म्हणून लागलो. २००८ साली निवृत्त झालो. छत्तीस वर्षांत किती वह्या तपासल्या याचा हिशोब नाही.

शुद्धलेखनाचा मला भारी सोस. लहानपणी आम्ही 'नाहीं', 'कांहीं' असं अनुस्वार देऊन लिहायचो. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे ते अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी चार नियम आले. असे अठराच्या अठरा नियम मला तोंडपाठ. नवा मास्तर, हातात लाल पेन. मग काय विचारता!

ते वर्ष मोठ्या दुष्काळाचं. विहिरी आटलेल्या, रेशनवर लाल मिलो, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. तिथे सुकडी मिळायची. माझ्या वर्गातल्या एका मुलीने निबंधात चारच ओळी लिहिल्या होत्या. आई खडी फोडते, मी धाकट्याला सांभाळते, असं काहीसं. शेवटी होतं, 'घरी पाणि न्हाई.'

मी 'पाणि'वर लाल गोल केला, दीर्घ 'पाणी' लिहिलं. 'न्हाई' खोडून 'नाही' केलं. दहापैकी तीन गुण दिले आणि खाली शेरा मारला, 'निबंध फार लहान आहे.'

दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. दुष्काळामुळे कितीतरी मुलं गळाली, त्यातलीच ती एक, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण ती वही मनातून गेली नाही. तिने आपली खरीखुरी ओळख करून दिली होती आणि मी फक्त वेलांटी पाहिली.

पुढे मी एक सवय लावून घेतली. वही आधी पेन न उचलता वाचायची, मग तपासायची. नियम सोडले नाहीत, फक्त क्रम बदलला. माझ्या नोकरीतली कमाई म्हणाल तर एवढीच.

तर मंडळी, हा असा मी. लिहीन ते शाळेचं, गावाचं, भाषेचं असेल. चुका होतील, त्या जरूर दाखवा. मास्तरची चूक काढण्यात मजा असते हे मलाही ठाऊक आहे. फक्त आधी एकदा वाचा, मग लाल पेन उचला.