हाताला आधी कळतं

सोमवार, ३ ऑगस्ट

नाइट ड्यूटी. वॉर्मर ४चं बाळ, वजन १४०० ग्रॅम. मॉनिटरवर सगळं ठीक: ठोके १५०च्या आसपास, सॅच्युरेशन ९३, ताप नाही. दोनच्या फीडला लंगोट बदलताना मात्र हात थबकला. हे बाळ लंगोट सोडला की पाय पोटाशी ओढून कुरकुर करतं. आज पाय ठेवले तिथेच राहिले. हाताची मागची बाजू आधी पोटाला लावली, मग तळपायांना. पोट कोमट, तळपाय गार. नळीतून ओढून पाहिलं, तर आधीचं दूध बरंचसं तसंच. छातीवर बोट दाबून सोडलं; पांढरा पडलेला ठसा भरून यायला वेळ लागला.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. “सर, चार नंबरचं बाळ मला बरं वाटत नाहीये. आकडे चांगले आहेत, पण येऊन बघाच.” ते लगेच आले. ब्लड कल्चर पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं.

बुधवार, ५ ऑगस्ट

कल्चरमध्ये जंतू सापडले. बाळ आज पाय झाडतंय, दूध पचतंय.

नवी सिस्टर हँडओव्हरनंतर थांबली. “ताई, तुम्हाला कळलं कसं?” “अनुभव गं,” म्हणून तिला वाटेला लावणं सोपं होतं. पण तेवढ्यावर ती काय शिकणार? म्हणून चहा घेता घेता त्या रात्रीचा क्रम तिला सांगितला: आधी पाय, मग हाताला लागलेला गारवा, मग नळीतलं दूध, मग छातीवरचा ठसा. सांगता सांगता मलाही दिसलं, की डोक्यात ‘काहीतरी बिघडलंय’ हे आधी आलं आणि कारणं मी नंतर शोधली. पण ती कारणं तिथे होतीच. हातांनी ती माझ्याआधी टिपली होती.

गुरुवार, ६ ऑगस्ट

कालच्या बोलण्यावरून एक अभ्यास आठवला. अमेरिकेत संशोधक बेथ क्रँडॉल यांनी एका सहकाऱ्याबरोबर आमच्यासारख्याच नवजात अतिदक्षता विभागांतल्या सिस्टर्सशी बोलून अभ्यास केला होता. तो १९९३ मध्ये छापून आला. बाळाला जंतुसंसर्ग होतोय हे कसं ओळखलं, असं विचारल्यावर आधी उत्तर यायचं, “आतून कळलं.” मग त्यांनी एकेक प्रसंग पहिल्या मिनिटापासून पुन्हा सांगायला लावला, आणि त्यातून खुणांची यादीच तयार झाली. त्यातल्या काही खुणा तेव्हाच्या वैद्यकीय पुस्तकांतही नव्हत्या. त्या सिस्टर्सना रोजच्या कामातून सापडल्या होत्या. आपल्या आतल्या आवाजाला ‘उगाच वाटतंय’ म्हणून गप्प बसवणाऱ्या प्रत्येक सिस्टरला मला हे सांगायचं आहे.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

आज उलट बाजू. वॉर्मर २चं बाळ पिवळं दिसतं का, यावर आमच्यात दोन मतं. मी मत दिलं नाही, बिलिरुबिन पाठवायला सांगितलं. कावीळ किती आहे हे नुसत्या डोळ्यांनी नीट ठरत नाही. सावळ्या कातडीवर आणि फोटोथेरपीच्या निळ्या उजेडात तर नाहीच. ऑक्सिजनचंही तेच. कमी पडला तर बाळ निळसर दिसेल, पण जास्त झालेला दिसत नाही, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याला तोच घातक.

मग आतल्या आवाजावर कधी विसंबायचं आणि कधी नाही? यावर दोन मानसशास्त्रज्ञांचं काम आहे. डॅनियल कानेमन अंतःप्रेरणेकडे संशयाने बघणारे, तर गॅरी क्लाइन तिची ताकद दाखवणारे. दोघांनी मिळून २००९ मध्ये एक निबंध लिहिला, आणि वाद घालायला बसलेले ते दोघे बहुतेक मुद्द्यांवर एक झाले. मनाचा कौल भरवशाचा व्हायला दोन गोष्टी लागतात: खुणा ठरावीक रीतीने पुन्हापुन्हा येणारं काम, आणि आपला अंदाज बरोबर होता का हे कळण्याची भरपूर संधी. आपल्याला किती खात्री वाटते, यावर जाऊ नये. सुस्त पडलेल्या बाळाच्या बाबतीत मला या दोन्ही गोष्टी मिळाल्या आहेत. म्हणून एकाच वॉर्डात एके ठिकाणी मी हातावर विसंबते आणि दुसऱ्या ठिकाणी मशीनवर.

रविवार, ९ ऑगस्ट

वॉर्मर ६ची आई बाळाला छातीशी घेऊन बसली होती. म्हणाली, “सिस्टर, आज हा ओढतच नाहीये. कालच्यासारखा नाही वाटत.” मी हातातलं काम ठेवून तिच्याजवळ गेले. डॉक्टरांना बोलावलं, रक्त पाठवलं.

आईचं बोलणं हलकं घ्यायचं नाही, याला गडचिरोलीचा मोठा आधार आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. दूध ओढणं कमी होणं, रडणं क्षीण होणं, हातपाय सैल पडणं, अंग गार लागणं, अशा खुणांवरून त्या जंतुसंसर्ग ओळखून उपचार करू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. यातल्या बहुतेक खुणा सगळ्यात आधी आईलाच जाणवतात.

मंगळवार, ११ ऑगस्ट

वॉर्मर ६चे रिपोर्ट चांगले आले. बाळ आता छान ओढतंय. आई ओशाळून म्हणाली, “मी उगाच घाबरवलं तुम्हाला.” मी तिला म्हटलं, “अजिबात नाही. पुन्हा असं वाटलं, तर रात्री तीनलासुद्धा हाक मारा.” चांगला रिपोर्ट हेही शिकणंच आहे, त्यानेच पुढचा अंदाज धारदार होतो. शिकायचं थांबतं ते मनात आलेलं गिळून टाकल्यावर.

इनचार्ज सिस्टरांशी बोलून हँडओव्हरच्या वहीत एक रकाना वाढवला: ‘काय खटकतंय?’ सिस्टर, आया, आई, कोणाच्याही मनात आलेलं त्यात लिहायचं, डॉक्टरांना तेव्हाच सांगायचं, आणि पुढे काय निघालं तेही त्याच ओळीत नोंदवायचं. नव्या मुलींचे हात याच ओळींतून तयार होतील.