गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात

डोंगरकड्याच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्या-नद्यांतून अखेर गोदावरीलाच मिळतो. तेव्हा ती समुद्राला कुठे मिळते हे मुलांना दाखवावे म्हणून आम्ही उन्हाळी सुट्टीत नांदेडहून रेल्वेने राजमंड्रीला गेलो. जवळच धवळेश्वरम आहे. आर्थर कॉटन यांचा तिथला पहिला बंधारा १८५२ साली पूर्ण झाला. बंधाऱ्याखाली नदीला फाटे फुटतात. गौतमी आणि वसिष्ठा या दोन फाट्यांमधला मुलूख म्हणजे कोनसीमा. जिकडे पाहावे तिकडे नारळ, भातखाचरे आणि कालवे.

शाळेच्या नकाशात हा सगळा भाग नुसता हिरवा दिसतो. आम्ही मुलांकडून त्यावर पेन्सिलीने खुणा करून घेतल्या. तातिपाका इथे ओएनजीसीचा लहान तेलशुद्धीकरण कारखाना आहे. पासर्लापुडी इथे जानेवारी १९९५ मध्ये विहिरीतून उसळलेला गॅस पेटला आणि ती आग ६५ दिवस धगधगत राहिली. नगरम इथे २७ जून २०१४ च्या पहाटे गेलच्या पाइपलाइनमधून गळालेल्या गॅसने पेट घेतला. त्यात वीसहून अधिक माणसे गेली, नारळाची झाडे उभी जळाली.

आग दिसते, पण जमीन खचते ती दिसत नाही. त्रिभुज प्रदेश नदीच्या गाळाचा बनलेला असतो आणि गाळ आपल्याच वजनाने हळूहळू दबत जातो. दरवर्षी येणारा नवा गाळ ती तूट भरून काढतो. आता जायकवाडी, विष्णुपुरी, श्रीरामसागर अशी धरणे बराच गाळ वरच अडवतात. त्यात जमिनीखालचा गॅस काढला की आतला दाब कमी होतो आणि थर आणखी दबू शकतात. मग खारे पाणी शेतात शिरण्याचा धोका वाढतो.

म्हणून या प्रदेशाचा खरा नकाशा धवळेश्वरमला सुरू होत नाही. त्यात मराठवाड्याची धरणे हवीत. आपली शेते त्यांच्याच पाण्यावर पिकतात, त्यामुळे या हिशेबातून आपल्याला अंग काढून घेता येणार नाही. आणि त्यात पाइपलाइनही हवी, अगदी घराच्या दारापर्यंत दाखवलेली. चूल पेटवणाऱ्या बाईला आपल्या अंगणाखालून काय वाहते आणि वास आला तर कुणाला कळवायचे, हे माहीत असायला हवे. तो तिचा हक्क आहे. मुलांना भूगोल शिकवताना नदीच्या लांबीइतकेच हेही शिकवले पाहिजे, असे आम्हाला वाटते.