थांबणारं बी, न थांबणारं बी

मृगाच्या तोंडाशी वऱ्हाडातल्या कामरगावचं शिवार वखरून, ढेकळं फोडून तयार असतं. घरात सोयाबीनची पोती, आणि नजरा आभाळाकडे. बियाण्याची पारख आधीच झालेली: ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळायचे, मोड मोजायचे. 70 उगवले की बियाणं पेरण्याजोगं.

पण गोणपाट म्हणजे शेत नव्हे. मेलेला दाणाही पाणी पिऊन फुगतो. फुगणं म्हणजे जगणं नव्हे. जिवंत दाणा स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढं पाणी पितो, तेव्हा त्याच्या आत श्वास वाढतो, साठवलेलं अन्न विरघळू लागतं. एकदा मोड फुटला की माघार नाही. मग पावसानं आठवडाभर दडी मारली तर दुबार पेरणी. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगत असतो.

पाणी जास्त झालं तरी घात. काळ्या चिकण मातीतली हवा हरपते, दाणा गुदमरून कुजतो. ओलही हवी, हवाही हवी, हा वाफसा. वर कडक ऊन पडून पापडी धरली, तर आणखी एक संकट. सोयाबीन मान वाकवून, दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतं आणि त्या पापडीखाली त्याची मान मोडते. शेजारच्या तासातली तूर शहाणी. ती डाळिंब्या मातीतच ठेवून नुसता कोंब वर धाडते.

आणि बियाण्याला आदल्या वर्षीचा पाऊसही बाधतो. 2019च्या सुगीत सोयाबीन भिजलं. 2020च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात कितीतरी शेतं उगवलीच नाहीत.

धुऱ्यावरच्या रानटी तरोट्याकडे पाहिलं की मला हात जोडावेसे वाटतात. त्याच्या बियांचं कवच कठीण. सगळे दाणे एकदम उगवत नाहीत. काही यंदा, काही पुढल्या वर्षी, काही त्याच्याही नंतर. एखादा पाऊस फसवा निघाला तरी वंश बुडत नाही. रानातलं हे थांबणं आपण पिकांच्या बियाण्यातून काढून घेतलं, कारण आपल्याला सगळं शेत एकाच दिवशी उगवायला हवं होतं. आता बियाण्याच्या वाटचं ते थांबणं शेतकरी करतो, आणि त्याच्या अंगावर तरोट्यासारखं कवच नाही.

तरोटा मात्र पहिल्या सरींनंतर आपला आपण उगवतो, आणि वऱ्हाडातल्या चुलींवर त्याच्या कोवळ्या पानांची भाजी शिजते.