वटवाघूळ शुभ की अशुभ?

लातूरच्या सोळा रस्त्यांच्या गंजगोलाईतून आमच्यातल्या एका ताईंनी हिरवे कासव आणले होते. 'घरात ठेवा, मुलीला नोकरी लागेल,' असे दुकानदार म्हणाला आणि एका दिवसाची मजुरी गेली! हा विषय निघाला तो मुंबईत.

महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीला अभिवादन करण्यासाठी आम्ही गेलो होतो. नांदेडची मंडळी नंदिग्रामने, लातूरची लातूर एक्सप्रेसने. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिले. तेथे सर रतन टाटांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू आहेत. त्यांत जेड नावाच्या दगडाचे काम आहे.

जेड नुसत्या छिन्नीला दाद देत नाही. त्याहून कठीण दगडाची पूड पाण्यात कालवून तो घासून घासून झिजवावा लागतो. तळहातावर मावेल एवढ्या प्राण्यासाठी कारागिराचे कितीतरी दिवस जात.

चिनी कारागीर मासा, हरीण, वटवाघूळ का कोरीत? बरेचसे उच्चारावरून! वटवाघळाच्या चिनी नावात 'फू' येतो आणि भाग्यालाही 'फू'च म्हणतात. मासा 'यू' आणि शिल्लक, बरकतही 'यू'. हरीण 'लू', सरकारी पगारही 'लू'. पाच वटवाघळे म्हणजे पाच सुखे: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शेवटी शांत मरण.

आमच्याकडे तेच वटवाघूळ घरात शिरले तर म्हाताऱ्या माणसांना अपशकुन वाटतो. हरीण पाहून आम्हाला सारनाथचे मृगदाव आठवते, चिनी अधिकाऱ्याला पगार आठवत असे! प्राणी तोच, शुभ-अशुभ माणसाच्या बोलीत. कासव दीर्घायुषी म्हणून त्यांना शुभ. पण त्याचे आयुष्य त्याच्यापाशी. मुलीच्या नोकरीशी त्याचा काय संबंध?

आपल्या घरी परित्राणपाठात महामंगल सुत्त म्हटले जाते. त्यात ना प्राणी, ना दगड. आईवडिलांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, विद्या, हातची कला आणि चांगली वाणी यांनाच तथागतांनी मंगल म्हटले आहे.

गाडीत ताई म्हणाल्या, "कासव फेकू कशाला? पैसे मोजलेत. पोरीच्या वहीवर ठेवते, पंख्यानं पानं उडायलेत."

आम्हाला ते पटले. वाचकहो, कारागिराच्या हाताचे कौतुक जरूर करावे; मुलीच्या नोकरीचा भरवसा मात्र तिच्या अभ्यासावर ठेवावा.